शिस्त लावणं आणि मनाला वेठीला धरणं

एक आई सांगते, "साडेनऊच्या आत घरी यायचं, उशीर होणार असेल तर फोन कर." दुसरी म्हणते, "तू उशिरा आलीस की माझा जीव जातो, पण तुला कुठे काय पडलंय!" दोघींच्याही मुली वेळेत घरी येतात आणि लोक दोघींनाही 'कडक' म्हणतात.

मानसशास्त्र मात्र यात फरक करतं. पहिलं वर्तनावरचं नियंत्रण, म्हणजे नियम आणि देखरेख. दुसरं मानसिक नियंत्रण, म्हणजे अपराधी वाटायला लावून किंवा माया आखडून मन वेठीला धरणं. संशोधक ब्रायन बार्बर यांनी 1996 मध्ये हा भेद नेमका मांडला: देखरेख कमी पडली, तर मुलांच्या बाहेर वाह्यात वागण्याशी त्याचा संबंध दिसतो. मन वेठीला धरलं, तर नैराश्याशी.

असं का होत असावं, हे अबोल्यात स्पष्ट दिसतं. मार्क कमी पडले. ताट वेळेवर वाढलं जातं, पण समोर बसलेले बाबा एक शब्द बोलत नाहीत. मुलगा घास चिवडत त्यांच्या चेहऱ्याचा अंदाज घेत राहतो. आठवडाभर मोबाइल काढून घेतला असता, तर आठवडा संपल्यावर शिक्षाही संपली असती. अबोला कधी सुटणार, हे मुलाला कोणीच सांगत नाही. मग 'माझं चुकलं'चं हळूहळू 'मीच वाईट आहे' होतं. नैराश्यातले विचार याच वळणाचे असतात. मला तर वाटतं, चिडून ओरडणंसुद्धा यापेक्षा परवडलं, निदान कशाबद्दल ते कळतं.

देखरेख म्हणजे पाळत, हाही एक गैरसमज. स्टाटिन आणि केर या संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासात दिसलं की आईवडिलांना मुलांबद्दल जे कळतं, ते मुख्यतः मुलं आपणहून सांगतात म्हणून. बोललं की टोमणा मिळतो, अशा घरात मूल सांगणं बंद करतं.

पण म्हणून मुलाला नैराश्य आलं की आईवडीलच दोषी, असं मुळीच नाही. आनुवंशिकता असते, शाळेतला छळ असतो. शिवाय खचलेलं मूल बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिड करतं, घरचे त्याला उद्धटपणा समजतात आणि धाक आणखी वाढवतात. ही चिडचिड किंवा उदासी दोन आठवडे जवळपास रोज टिकली, झोप-भूक बिघडली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाचं बोलणं निघालं, तर त्याच दिवशी.