ठिबकखालचं रान: डाळिंबाच्या बागेत तण कसं बदललं

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला-मंगळवेढ्याचा पट्टा वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पावसाचा. फळबागा येण्याआधी इथल्या मुरमाड माळावरचं तण पावसाच्या हिशेबाने जगायचं. मृग बरसला की सराटा, कुसळी, घोळ, घेटुळी उगवायची, पाऊस सरला की बी टाकून वाळायची. उन्हाळ्यात माळ कोरा.

१९९० साली राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि माळावर डाळिंब, बोर, सीताफळ उभी राहिली. मागोमाग ठिबक आलं. माझ्या मते तणांसाठी खरी उलथापालथ झाडांनी नाही, या ठिबकने केली.

एप्रिलमध्ये बागेत जाऊन बघा. दोन ओळींमधली जमीन भाजून निघालेली असते आणि ड्रिपरखाली हातभर हिरवं वर्तुळ. त्यात लव्हाळा आणि हराळी. लव्हाळा उपटला तर पात हातात येते, गाठ खालीच राहते. बहार धरण्याआधी, म्हणजे झाडाला एकदम फुलं यावीत म्हणून, पाणी तोडून ताण देतात, तेव्हा वरवरची तणं जळून जातात. खोलवरच्या गाठी मात्र तग धरतात. पाणी सोडलं की सगळ्यात आधी कोंब त्यांचाच. ट्रॅक्टरचा रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) फिरवला तर हराळीचे तुकडे होऊन ती आणखी पसरते.

गाजरगवताची गोष्ट वेगळी. १९५५च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हासोबत ते आलं असं सांगतात. बागेत ते बरेचदा शेणखतातून येतं. एकेका झाडाला हजारो बिया. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतले भुंगे १९८४ मध्ये भारतात सोडले. ते पाने फस्त करतात, पण पावसाळ्यात. कोरड्या दिवसांत ते जमिनीत शिरून सुप्त राहतात, आणि ठिबकखालचं गाजरगवत तेव्हाही वाढत असतं.

भांगलणीला आलेल्या बायका घोळ, तांदुळजा ओटीत घालून घरी न्यायच्या. तणनाशक मारलेल्या बागेतली भाजी खाण्याजोगी राहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तरी घोळही निर्धोक नाही: डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म जंत) तिच्या मुळांवरही पोसतात. म्हणून ती ठेवायची की काढायची, हे आधी एखाद्या झाडाची पांढरी मुळं उकरून, गाठी आहेत का ते बघून ठरवावं.