साडेसहा इंचांचा नियम आणि त्यामागची नव्वद वर्षं

अलास्कातल्या खेकड्यांच्या बोटीवर निवडीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या खलाशाच्या हातात एक साधं माप असतं. पिंजरा वर आला, टेबलावर रिकामा झाला की निवड सुरू होते. मादी असेल तर परत समुद्रात. नर असेल पण पाठीची रुंदी काट्यांसकट साडेसहा इंच भरत नसेल, तर तोही परत. उरतील ते टाकीत. बेरिंग समुद्राच्या पूर्वेकडच्या ब्रिस्टल उपसागरातल्या रेड किंग क्रॅब या जातीसाठीचा हा नियम तिथे इतका मुरला आहे, की तो कधी नव्हता याची कल्पनाच करवत नाही. २०२१ मध्ये मात्र याच उपसागरातला हंगाम पूर्ण रद्द झाला, आणि कारण दिलं गेलं माद्यांची घटलेली संख्या. बोटी ज्या माद्यांना कधी किनाऱ्यावर आणतच नाहीत, त्यांच्या संख्येवरून हंगाम का बंद व्हावा? याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी खेकड्याच्या शरीराविषयी थोडं, कारण सगळे नियम तिथूनच निघाले आहेत. खेकड्याचं कवच वाढत नाही, तो ते टाकून देतो. कात टाकल्यावर काही आठवडे तो मऊ असतो, अंगात पाणी जास्त आणि मांस कमी. रेड किंग क्रॅबची मादी दरवर्षी कात टाकते आणि त्या मऊ अवस्थेतच तिचं मीलन होतं. नर त्याआधी कितीतरी दिवस तिला नांग्यांनी धरून तिची राखण करतो. मग जवळपास अकरा महिने ती पोटाखाली अंडी वागवते. म्हणजे मोठी मादी वर्षातला बहुतेक काळ अंडी घेऊनच फिरत असते. नर साडेसहा इंचांचा होण्याच्या बराच आधी प्रजननक्षम होतो, त्यामुळे या मापाखालचे नर सोडून दिले तर पकडला जाण्याआधी त्याला एक-दोन वर्षं तरी मीलनाची संधी मिळते. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कात आणि मीलन चालतं, तेव्हा मासेमारी बंद ठेवायची. शरद ऋतूत कवच कडक आणि मांस भरलेलं असतं, तेव्हा ती उघडायची. आकार, लिंग आणि हंगाम यांना इंग्रजीत जे शब्द आहेत ते तिन्ही 'एस'ने सुरू होतात, म्हणून या पद्धतीला तिथे 'थ्री एस' म्हणतात.

१९३० च्या दशकात बेरिंग समुद्राच्या पूर्व भागात यातलं काहीच लागू नव्हतं. जपानी बोटी तळाशी उभ्या जाळ्या सोडत, खेकडे पाय अडकून त्यात गुंतत, आणि डबाबंदीचं काम मोठ्या जहाजांवर समुद्रातच उरकलं जाई. असं जाळं नर-मादी बघत नाही, आकार बघत नाही. गुंतलेला खेकडा सोडवताना पाय मोडतात, म्हणजे परत टाकूनही उपयोग नाही. अमेरिकेने १९४०-४१ मध्ये या खेकड्यांची शास्त्रीय पाहणी केली, ती हा धंदा आपल्या मच्छीमारांना जमेल का हे ताडून पाहण्यासाठी. महायुद्धानंतर लोवेल वेकफील्ड यांनी 'डीप सी' नावाची बोट बांधली आणि खेकडे डब्यात भरण्याऐवजी गोठवून विकायला सुरुवात केली. तिथून अमेरिकी धंदा उभा राहिला.

त्याच काळात एक वेगळाच वाद रंगला होता, आणि मला तो या इतिहासातला सर्वांत रंजक भाग वाटतो: खेकडा कोणाचा? १९५८ च्या जिनिव्हा करारानुसार खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेल्या उथळ समुद्राच्या, तळावर राहणारे, पकडण्याच्या अवस्थेत एका जागी स्थिर असणारे किंवा तळाला सतत चिकटून हालचाल करणारे जीव हे किनाऱ्याच्या देशाची मालमत्ता ठरतात. पोहणारे मासे मात्र खुल्या समुद्राचे, म्हणजे जो पकडेल त्याचे. किंग क्रॅब तळावर चालतो, म्हणून तो आमचा, असं अमेरिकेचं म्हणणं. जपान त्या करारात नव्हता आणि खेकडा ही खुल्या समुद्रातली संपत्ती आहे यावर ठाम होता. सोव्हिएत संघाने अमेरिकेची मांडणी मान्य केली. अखेर १९६४ च्या शेवटी जपानशी आणि १९६५ च्या सुरुवातीला सोव्हिएत संघाशी करार झाले. जपानशी तत्त्वाचा वाद सुटला नाही, पण दोघांनाही खेकड्यांचा वार्षिक कोटा बांधून दिला गेला. तो दरवेळी आवळत नेला. १९७१ नंतर सोव्हिएत बोटी थांबल्या, १९७४ नंतर जपानी. १९७६ च्या कायद्याने अमेरिकेने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर हक्क सांगितला, तेव्हा खेकड्यांच्या बाबतीत मैदान आधीच मोकळं झालेलं होतं.

दरम्यान, १९५९ मध्ये अलास्का राज्य झालं होतं. तिथल्या लोकांच्या मनात माशांच्या कारभाराबद्दल जुना राग होता. बाहेरच्या डबाबंदी कंपन्या नद्यांच्या तोंडाशी मोठे सापळे लावून साल्मन ओढून नेत आणि दूरचं संघीय सरकार ते चालू देई. म्हणून मासे आणि इतर नैसर्गिक साधनं टिकून राहतील एवढीच वापरावीत, हे तत्त्व त्यांनी थेट राज्यघटनेत घातलं. खेकड्यांसाठी जाळी बंद झाली आणि फक्त पिंजऱ्यांना परवानगी उरली. पिंजऱ्यातला खेकडा जिवंत वर येतो, त्यामुळे त्याला मोजून परत सोडता येतं. लिंग आणि आकाराचा नियम पिंजऱ्याशिवाय कागदावरच राहिला असता.

पिंजऱ्याच्या जाळीत आणखी एक बारीक अट विणलेली असते. तिच्यातला एक भाग सुती दोऱ्याने शिवलेला असावा लागतो. पिंजरा समुद्रात हरवला तर हा दोरा कुजतो, फट पडते आणि आतले खेकडे बाहेर निघतात. नाहीतर हरवलेला पिंजरा वर्षानुवर्षं खेकडे धरत राहील, आत मेलेले खेकडे नव्यांना आमिष ठरतील आणि हे चक्र कोणी न बघता चालू राहील. साध्या दोऱ्यावर इतकं काम सोपवणारा नियम ज्यांनी सुचवला, त्यांना समुद्र चांगला कळत होता.

पण तीनही नियम असताना कोडियाक कोसळलं. अलास्काच्या दक्षिणेकडचं हे बेट १९६० च्या दशकात किंग क्रॅबची राजधानी म्हणवलं जाई. मार्च १९६४ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने तिथलं बंदर आणि कारखाने उद्ध्वस्त केले, तरी १९६५-६६ च्या हंगामात सुमारे ९.४ कोटी पौंड रेड किंग क्रॅब उतरले, म्हणजे जवळपास ४३ हजार टन. वर्षानुवर्षं साठलेले मोठे, जुने नर त्या आकड्यात होते. ते एकदा संपले की पुढची मासेमारी दरवर्षी नव्याने मापात बसणाऱ्या नरांवरच चालते, आणि ही नवी भरती काही वर्षं आलीच नाही तर खाली काही उरत नाही. १९८३ मध्ये कोडियाकची रेड किंग क्रॅबची मासेमारी बंद झाली.

ब्रिस्टल उपसागरात हीच गोष्ट अधिक वेगाने घडली. १९८० मध्ये सुमारे १३ कोटी पौंड, १९८१ मध्ये ३.३६ कोटी, १९८२ मध्ये ३० लाख, आणि १९८३ मध्ये हंगामच नाही. तीन वर्षांत. कारणांवर अजून एकमत नाही. अतिमासेमारी झाली असं काही जण म्हणतात. १९७६-७७ च्या सुमारास उत्तर प्रशांत महासागराचं तापमान बदललं आणि पिल्लं जगेनाशी झाली, असं इतरांचं म्हणणं. कॉड माशांनी मऊ खेकडे खाल्ले, तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत माद्या चिरडल्या गेल्या, रोग पसरला, अशी स्पष्टीकरणंही आहेत. माझ्या मते महत्त्वाचं हे, की यातल्या बहुतेक गोष्टींवर 'थ्री एस'चा काहीच इलाज चालत नाही. कोणता खेकडा न्यायचा ते तीन नियम सांगतात. एकूण किती न्यायचे, हे त्यात नाही.

ती उणीव पुढे टप्प्याटप्प्याने भरली गेली. १९८९ मध्ये संघीय आराखडा आला आणि कारभार वाटला गेला: अतिमासेमारीची वरची सीमा संघीय सरकार ठरवणार, त्याच्या आत दरवर्षीचा कोटा राज्य ठरवणार. उपसागरात १९९४ आणि १९९५ चे हंगाम पुन्हा बंद ठेवावे लागले. त्याच सुमारास एका मोठ्या पट्ट्यात तळाच्या ट्रॉलिंगला मनाई झाली, आणि नवं सूत्र ठरलं: पाहणीच्या आधारे काढलेली प्रौढ माद्यांची संख्या ८४ लाखांच्या खाली असेल, तर हंगाम उघडायचाच नाही. २०२१ चं उत्तर इथे आहे. नर भरपूर असले तरी अंडी वागवणाऱ्या माद्या पुरेशा नसतील, तर पुढे काही वर्षांनी मापात बसणारं कोणी उरणार नाही. शिवाय परत सोडलेला प्रत्येक खेकडा जगतोच असं नाही. उचलताना, आपटताना, थंड वाऱ्यात उघडा पडल्यावर त्यातले २० टक्के मरतात, असं गणितात धरलं जातं. म्हणजे फक्त नर नेणारी मासेमारीही माद्या मारते.

एकूण कोट्याने खेकड्यांचं भलं झालं, पण माणसांचं नुकसान झालं. कोटा सगळ्या बोटींना मिळून एकच होता. तो संपला की हंगाम संपला, म्हणून प्रत्येकाची धडपड दुसऱ्याच्या आधी जास्तीत जास्त उचलण्याची. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या तासाला सुरुवात, मग हवा कशीही असो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिस्टल उपसागराचा हंगाम चार-पाच दिवसांवर आला, २००४ मध्ये तर तीन. शेकडो किलो वजनाचे पोलादी पिंजरे डेकवर रचून, झोप न घेता, बर्फ साचून जड झालेल्या बोटींवर लोक राबत. बेरिंग समुद्रातल्या खेकड्यांच्या मासेमारीत १९९० ते १९९९ या काळात सत्तरहून अधिक माणसं मेली. बोटीच्या लांबीप्रमाणे पिंजऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली गेली, १९९९ पासून तटरक्षक दल निघण्याआधी धक्क्यावरच बोटींची तपासणी करू लागलं, आणि त्याने मृत्यू कमी झाले. तरी जानेवारी २००५ मध्ये, स्नो क्रॅब या दुसऱ्या जातीच्या शेवटच्या शर्यतीच्या हंगामात, एक बोट बुडाली आणि सहा जणांपैकी एकच वाचला.

२००५ च्या शरदापासून शर्यत संपली. आधीच्या वर्षांतल्या पकडीनुसार बोटमालकांना कोट्याचे हिस्से वाटून दिले गेले. कप्तान आणि खलाशांच्या वाट्याला ३ टक्के हिस्सा आला. बेरिंग किनाऱ्यावरच्या गावांच्या संस्थांसाठी १० टक्के राखून ठेवले. आता हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. वादळ आलं तर बोट बंदरात थांबू शकते. पिंजरे जास्त वेळ तळाशी राहतात, त्यामुळे लहान खेकडे मोठ्या भोकांतून स्वतःच निसटतात आणि डेकवरची चिवडाचिवड कमी होते.

किंमत दुसरीकडे चुकवावी लागली. पहिल्याच वर्षी उपसागरातल्या बोटी सुमारे अडीचशेवरून नव्वदच्या आत आल्या आणि शेकडो खलाशांची कामं गेली. हिस्सेदार स्वतः समुद्रावर न जाता कोटा भाड्याने देऊ लागले, आणि रेड किंग क्रॅबच्या बाबतीत हे भाडं पकडीच्या किमतीच्या निम्म्याहून वर गेलं. ते वजा झाल्यावर जे उरेल त्यातून डेकवरच्या माणसाची मजुरी निघते. आयुष्यभर पिंजरे ओढलेल्या माणसाला मिळालं काय, हा प्रश्न तिथे आजही विचारला जातो, आणि तो रास्त आहे. जीव वाचले हे खरं आहे, आणि त्याची तुलना कशाशीच होऊ नये. पण हिस्से वाटताना खलाशांच्या घामाचा हिशेब फारच तोकडा धरला गेला.

दक्षिणेकडे कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर डंजनेस क्रॅबची मासेमारी याच तीन नियमांवर अनेक दशकं चालली आहे. तिथे एकूण कोटा नाही, उत्पादन दर काही वर्षांनी चढतं-उतरतं, पण अलास्कासारखं कोसळलेलं नाही. ही जात लवकर वाढते, हा मोठा फरक. तिथे अलीकडे हंगाम लांबणीवर पडतात ते वेगळ्याच कारणांनी: २०१५-१६ मध्ये शैवालातून येणाऱ्या डोमोइक आम्ल या विषामुळे, आणि त्यानंतर पिंजऱ्यांच्या दोरांत देवमासे अडकू नयेत म्हणून.

अलास्कात मात्र सर्वांत मोठा धक्का अजून बाकी होता, आणि तो बसला स्नो क्रॅबला. १९९१ मध्ये याच्या पकडीने ३२ कोटी पौंडांचा टप्पा ओलांडला होता. १९९९ मध्ये साठा अतिशोषित घोषित झाला, मग सावरला. २०१८ च्या पाहणीत लहान खेकडे अमाप दिसले आणि पुढची वर्षं भरभराटीची असतील असं सगळ्यांनी धरलं. पण २०१८ आणि २०१९ मध्ये बेरिंग समुद्रावर बर्फ फारच कमी साचला. त्यामुळे तळाशी राहणारं २ अंशांखालचं पाणी, ज्यात या जातीची पिल्लं वाढतात, जवळपास नाहीसं झालं. कोमट पाण्यात खेकड्याची भूक वाढते. एका वर्षात त्यांची अन्नाची गरज चौपट झाली असावी, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला. एवढं अन्न तिथे नव्हतं. २०२० ची पाहणी कोविडमुळे रद्द झाली आणि २०२१ मध्ये जाळी टाकली तेव्हा खेकडे गेलेले होते, १० अब्जांहून अधिक.

२०२०-२१ चा कोटा ४.५ कोटी पौंड होता, पुढच्या वर्षी तो ५६ लाखांवर आणला. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदा पूर्ण रद्द झाला, आणि त्याच दिवशी रेड किंग क्रॅबचाही, सलग दुसऱ्या वर्षी. बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल बेटावरच्या गावाचा महसूल मुख्यतः खेकड्यांवरच्या करातून येत असे, त्याला आणीबाणी जाहीर करावी लागली. इथे कोणी नियम मोडला नव्हता. लहान खेकडे परत सोडले जात होते, माद्यांना हात लावला जात नव्हता, कोटा पाळला जात होता.

२०२३ मध्ये रेड किंग क्रॅब २१.५ लाख पौंडांच्या कोट्याने पुन्हा उघडला, आणि २०२४ मध्ये स्नो क्रॅब सुमारे ४७ लाख पौंडांवर. मोसमाआधीच्या पाहणीत आता खेकड्यांच्या मोजणीबरोबर तळाच्या पाण्याच्या तापमानावरही लक्ष असतं. कोडियाकच्या नियमावलीत रेड किंग क्रॅबच्या नरासाठी सात इंचांचं माप अजूनही दिलेलं आहे. १९८३ पासून ते लावायची वेळ आलेली नाही.