परदेशी विद्यार्थी घरी राहायला येतोय? मुलाच्या आधी 'सी फॉर्म'ची तयारी करा

विद्यार्थी यायच्या आदल्या रात्री यजमान आईचा हमखास फोन येतो, "त्याला वरणभात चालेल ना हो?" चालेल. परदेशी पाहुणा घरी आल्याचं सरकारला कळवणारा सी फॉर्म ज्या साईटवर भरायचा, तिथलं लॉगिन मिळालं का, हे मात्र कोणीच विचारत नाही, आणि सगळं तिथेच अडतं. एक्सचेंजवर, म्हणजे इथल्या घरी राहून शिकायला, येणाऱ्या परदेशी मुलांचे कागद बघायचं काम मी काही वर्षं करतोय, म्हणून थोडं सविस्तर.

पात्रतेचा भाग सोपा आहे. रोटरी युथ एक्सचेंजमध्ये १५ ते १९ वयाची मुलं येतात आणि लांब मुदतीचं एक्सचेंज शैक्षणिक वर्षभराचं असतं. यजमानाने रोटरी क्लबचा सभासद असायलाच हवं असं नाही. मुलाला स्वतंत्र पलंग लागतो. घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांची चौकशी होते, त्यात आजोबाही आले. त्यांनी रागवायचं कारण नाही. यजमानाला मानधन नसतं.

आता मुदती. त्या दोन आहेत आणि दोन्हींची सुरुवात वेगवेगळ्या दिवशी होते.

पहिली २४ तासांची, ती यजमानाची. परदेशी पाहुणा तुमच्या घरी पोचल्यापासून २४ तासांत ऑनलाइन सी फॉर्म भरायचा. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, तरी या फॉर्मला सगळे सी फॉर्मच म्हणतात. दुसरी १४ दिवसांची, ती विद्यार्थ्याची. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर ई-एफआरआरओ पोर्टलवर (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाची, एफआरआरओची, साईट) नोंदणी करावी लागते, आणि हे दिवस मोजायचे ते भारतात उतरल्यापासून, तुमच्या दारात आल्यापासून नव्हे.

समजा मुलगी २ ऑगस्टला दिल्लीत उतरली, तिथे शिबिर झालं आणि ६ तारखेला संध्याकाळी तुमच्याकडे आली. सी फॉर्म ७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत. नोंदणी मात्र १६ पर्यंत, २० पर्यंत नाही. मध्ये १५ ऑगस्टची सुट्टी. उशीर झाला की दंड. "पण ती आमच्याकडे सहा तारखेला आली!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवतो.

सी फॉर्म भरायला आधी यजमान म्हणून पोर्टलवर खातं उघडावं लागतं आणि ते एफआरआरओ कार्यालयाकडून मंजूर व्हावं लागतं. ते त्याच दिवशी होईल असं समजू नका. मूल विमानात बसल्यावर खातं उघडायला घेतलं तर २४ तास कसे पुरणार? निदान तीन आठवडे आधी करा.

मंजुरीसाठी यजमानाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि इथे आपल्या घराघरातलं गुपित बाहेर पडतं: वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर! एका घरी मी स्वतः बिल हातात घेऊन बसलो होतो. खाली पत्ता बरोबर, वर नाव २००४ साली गेलेल्या माणसाचं. बिलावर नाव बदलायला वेळ लागतो, म्हणून ज्याच्या नावावर मालमत्ता कराची पावती किंवा नोंदलेला भाडेकरार आहे, त्याच्याच नावाने खातं उघडा.

दुसरा हट्टी कागद म्हणजे शाळा-कॉलेजचं बोनाफाईड. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय. एका क्लार्कने जर्मन मुलाच्या वडिलांचं नाव विचारून घेतलं आणि प्रेमाने मधे घातलं. पासपोर्टवर ते नव्हतं. अर्ज परत. पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवूनच बोनाफाईड लिहून घ्या. शाळेलाही परदेशी विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद करावी लागते, ती झाली का तेही तेव्हाच विचारा.

बाकी कागद नेहमीचे: पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, विमानतळावरचा शिक्का, फोटो. शिक्क्याचा फोटो मुलगा घरी पोचताच काढा; पुसट आला तर परत काढा. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला "नंतर स्टुडंट करून घेऊ" म्हणून ठेवून घेऊ नका, तो तसा बदलून मिळत नाही.

वर्षात यजमान घरं दोन-तीनदा बदलतात. दर वेळी नव्या घराचा नवा सी फॉर्म, पुन्हा २४ तासांत, आणि विद्यार्थ्याच्या नोंदणीत पत्ताबदल. जुन्या घराने पोर्टलवर चेकआउट, म्हणजे मूल गेल्याची नोंद, करायचं, आणि नेमकं तेच राहतं. परवा एका काकूंच्या खात्यात डोकावलो, तर मे महिन्यात ब्राझीलला परत गेलेला मुलगा अजून त्यांच्याकडेच राहत होता.