पानथरी वाढली की हिवतापच?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागात पानथरी (प्लीहा) वाढून मुलाचं पोट डाव्या बरगडीखाली टणक लागलं आणि डोळे पांढुरके दिसले, की पहिला संशय हिवतापावर जातो. या संशयाचं मूळ १८४०च्या दशकात आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांकाठची गावं तपासताना डेम्पस्टर या डॉक्टरने लोकांची पोटं चाचपली आणि किती जणांची पानथरी वाढली आहे, यावरून गावातला हिवताप मोजला. हिवतापाचा परजीवी तेव्हा कुणी पाहिलाही नव्हता. त्या काळाच्या मानाने युक्ती फार हुशारीची होती. पण पुढे इतर आजार त्याच खुणेखाली दडून राहिले.

त्यातला एक सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. या पेशींची नोंद शिकागोच्या हेरिक यांनी १९१० साली केली. दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे, हे १९४९ मध्ये पॉलिंग यांनी दाखवलं. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. आफ्रिकी वंशाच्या मुलांत पानथरी लहानपणीच आकसते, तर आपल्याकडच्या बऱ्याच मुलांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि पानथरी कित्येक वर्षं वाढलेली राहते. त्यातच सिकलसेलचं एकच जनुक असलेल्याला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून दोन्ही आजार बहुधा एकाच मुलखात नांदतात. गफलत व्हायला आणखी काय हवं?

गोशे हा त्याहून दुर्मीळ आजार. १८८२ मध्ये पॅरिसच्या फिलिप गोशे यांनी तो वर्णिला, तेव्हा त्यांना ती पानथरीची गाठ वाटली. एका विकराची (एन्झाइमची) कमतरता हे खरं कारण कळायला १९६५ उजाडलं. पूर्वी निदानासाठी हाडातला मगज काढावा लागे. आता रक्तातला विकर मोजता येतो. २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. नाशिककरांना तेच त्यातल्या त्यात जवळचं.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. गावपातळीवर सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी होते, पण ती वाहक (एकच जनुक असलेला) आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हिमोग्लोबिन चार-पाचवर आलेल्या मुलाला घाईत रक्ताची पिशवी लावली जाते आणि नमुना नंतर घेतला जातो. मग अहवालात दात्याचं हिमोग्लोबिनही मिसळतं आणि भरवशाच्या चाचणीसाठी साधारण तीन महिने थांबावं लागतं. पिशवी लावण्याआधी दोन मिलिलिटर रक्त काढून ठेवलं, तर हे तीन महिने वाचतात.