थोडा निळा उजेड गळू द्यावा लागतो

मेंदूतली ग्लायोमाची गाठ काढताना सर्जनची खरी कसोटी लागते ती गाठीच्या कडेला. मधला भाग ओळखू येतो. कडेकडे मात्र ती निरोगी मेंदूत अशी मुरलेली असते की रंगावरून कळत नाही आणि स्पर्शावरूनही खात्री देता येत नाही. एमआरआयची चित्रं हाताशी असतात, पण कवटी उघडून आतलं पाणी वाहून गेलं की मेंदू किंचित खाली बसतो आणि नकाशा चुकू लागतो. जास्त कापलं तर बोलणं किंवा हाताची हालचाल जाऊ शकते. कमी कापलं तर मागे राहिलेली गाठ पुन्हा वाढते.

अशा वेळी रुग्णाला भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी ५-एएलए नावाचं औषध प्यायला देतात. हा पदार्थ आपल्या शरीरातही तयार होतो. हिमोग्लोबिनमधलं हीम बनण्याच्या साखळीतली ती सुरुवातीची कडी. वेगाने वाढणाऱ्या ग्लायोमाच्या पेशींत ही साखळी शेवटच्या पायरीपाशी तुंबते आणि प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रसायन साचत जातं. त्यावर ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट निळा प्रकाश टाकला की ते ६३५ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं. हीच प्रतिदीप्ती. सोडलेला प्रकाश शोषलेल्या प्रकाशापेक्षा जास्त तरंगलांबीचा असतो, हे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनीनच्या द्रावणावर दाखवलं होतं.

जर्मनीतल्या अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या लाल खुणेच्या आधाराने शस्त्रक्रिया झालेल्या ६५ टक्के रुग्णांत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली. नेहमीच्या पांढऱ्या उजेडात हे प्रमाण ३६ टक्के होतं. या फरकाचं श्रेय औषधाला मिळतं आणि ते रास्तच आहे. पण मला बोलायचंय ते सूक्ष्मदर्शकात बसवलेल्या छोट्याशा काचेबद्दल. ती नसती तर हा लाल रंग कुणाला दिसलाच नसता.

कारण प्रतिदीप्ती फार क्षीण असते. टाकलेल्या प्रकाशाच्या तुलनेत परत येणारी चमक अनेकदा लाखो पटींनी कमी. म्हणून दोन फिल्टर लागतात. एक दिव्यापुढे, फक्त हवा तो निळा सोडणारा. दुसरा डोळ्यापुढे किंवा कॅमेऱ्यापुढे, तो निळा अडवून लाल येऊ देणारा. चांगला फिल्टर नको असलेल्या प्रकाशाचा दहा लाखांत एक भागच पलीकडे जाऊ देतो.

एवढी कडक निवड रंगीत काचेला झेपत नाही, शिवाय काही रंगीत काचा स्वतःच मंद चमकतात. म्हणून काचेवर दोन वेगळ्या पदार्थांचे, समजा सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे, पातळ थर आलटून पालटून चढवतात. साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात त्याच व्यतिकरणाने हे काम होतं. प्रत्येक थरावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना साथ देतात किंवा पुसून टाकतात. ६३५ नॅनोमीटरसाठी सिलिकाचा पाव-लहरीचा थर, म्हणजे सिलिकाच्या आत आखूड झालेल्या लहरीच्या पाव लांबीइतका, हिशेबाने सुमारे १०९ नॅनोमीटर जाडीचा येतो, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण सहाशेवा भाग. असे कधी कधी शंभराहून जास्त थर.

हा फिल्टर हातात धरून तिरका करून बघा, त्याचा रंग बदलतो. ही गंमत नाही, अडचण आहे. प्रकाश तिरका आला की फिल्टरची खिडकी, म्हणजे तो पलीकडे जाऊ देतो तो रंगांचा पट्टा, कमी तरंगलांबीकडे सरकते. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या दाखवायला वापरतात तो इंडोसायनिन ग्रीन हा दुसरा रंग ८०० नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित होतो आणि ८३० च्या आसपास, म्हणजे लालपलीकडच्या अवरक्त प्रकाशात, चमकतो. ८३० वर बेतलेली खिडकी ३० अंशांच्या तिरक्या किरणांसाठी ८०० च्या जवळ येऊ शकते, म्हणजे जे अडवायचं नेमकं तेच आत. शरीरात घालायच्या दुर्बिणीतून रुंद कोनातलं दृश्य पाहताना चित्राच्या कडा खोट्याच उजळतात त्या यामुळे. त्यासाठी किरण जिथे जवळजवळ समांतर असतात तिथेच फिल्टर बसवतात. त्यात छतावरच्या दिव्यांतूनही अवरक्त प्रकाश येत असतो, तोही हिशेबात धरावा लागतो.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. अवरक्त चमक डोळ्याला दिसतच नाही. तिथे कॅमेरा लागतो आणि फिल्टर जितका कडक तितका बरा. ५-एएलएच्या सूक्ष्मदर्शकात मात्र सर्जन स्वतःच्या डोळ्यांनी बघत असतो. निळा प्रकाश पूर्ण अडवला तर काळोखात तरंगणारा एक लाल ठिपका तेवढा दिसेल. रक्तवाहिनी कुठे, चिमट्याचं टोक कुठे, काहीच कळणार नाही. म्हणून डोळ्यापुढचा फिल्टर मुद्दाम थोडा निळा गळेल असा बनवतात. निरोगी मेंदू मंद निळा दिसतो, गाठ लाल, आणि कडेला जिथे रोगट पेशी विरळ होतात तिथे फिकट गुलाबी. वर रक्त साचलं तर तेही झाकलं जातं, कारण हिमोग्लोबिन हाच निळा प्रकाश जोरात शोषतं. मग सर्जन पाणी सोडून रक्त ओढून घेतो, गुलाबी जागा पुन्हा वर येते, आणि तिथे आणखी किती पुढे जायचं हे तो ठरवतो.