नोंदवहीतले आकडे वेळेवर बोलले पाहिजेत
(वृद्धनिवास आणि शुश्रूषा केंद्रांसाठी माहितीपत्रक)

आजी-आजोबांचं बीपी, नाडी, ऑक्सिजन, वजन तुम्ही वहीत लिहीत असालच. तेच आकडे आम्ही मोबाइलवर भरून घेतो आणि कुणाची तब्येत घसरते आहे ते लवकर दाखवतो. निदान आमची प्रणाली करत नाही, ते डॉक्टरांचं काम.

इशारा कधी येतो?

प्रत्येक नोंदीला ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या न्यूज-२ (२०१७) या तब्येत बिघडल्याचा लवकर इशारा देणाऱ्या पद्धतीने गुण मिळतात. गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. बेरीज ५ झाली किंवा एकाच मोजमापाला ३ गुण पडले, तर डॉक्टरांना फोन. ७ किंवा जास्त असेल तर थांबू नका, १०८ लावा. काल नावाने हाक मारणाऱ्या आजी आज गोंधळल्या असतील, तर त्यालाही ३ गुण आहेत. 'वयामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका.

मात्र ही पद्धत सगळ्यांना एकच माप लावते. वरचं बीपी १११ ते २१९ मध्ये असेल तर शून्य गुण. एरवी १५० असणाऱ्या आजोबांचं आज ११२ आलं, तरी गुण शून्यच! म्हणून पहिल्या १४ दिवसांच्या नोंदींचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून आम्ही ज्याची त्याची नेहमीची पातळी ठरवतो आणि त्यापासूनची घसरण वेगळी दाखवतो. सरासरी घेत नाही, कारण पट्टा सैल बांधल्याने आलेला एकच चुकीचा आकडा ती बिघडवतो.

सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घकाळच्या आजाराच्या) काही रुग्णांसाठी डॉक्टर ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ ठरवून देतात. तसं असेल तर आम्हाला आधी कळवा, नाहीतर रोज खोटा इशारा वाजेल आणि पुढे खऱ्याकडेही कुणी बघणार नाही.

नोंदी कुठे फसतात?

सर्वांत जास्त श्वासात. सगळ्यांपुढे '१८' लिहिलेलं दिसलं, की मोजलेलं नाही असं समजा. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा, आणि ते आजींना न सांगता. सांगितलं की लय बदलते. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिजन चुकीचा येतो. पॅरासिटामॉलची वेळ लिहा, गोळीने ताप दबलेला असू शकतो.

नोंद घेतली नाही तर रकाना रिकामा ठेवा आणि कारण निवडा: झोप, नकार, मशीन बंद. कालचा आकडा उतरवू नका. रिकाम्या रकान्याचा हिशेब प्रणालीला लावता येतो, खोट्याचा नाही.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी न्याहारीआधी. महिन्यात ५ टक्के घट म्हणजे धोका: ५२ किलोच्या आजींसाठी २.६ किलो.

पडण्याचा हिशेब

महिन्यातले प्रसंग गुणिले १०००, भागिले एकूण निवास-दिवस (राहणारे जण गुणिले दिवस). ४० जण, ३० दिवस, ६ प्रसंग: दर ५. प्रत्येक प्रसंगाची वेळ, जागा, पायात काय होतं आणि आठवड्यात औषध बदललं का, हेही लिहा. बीपीची गोळी बदललेली असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत बीपी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. एका महिन्यात दोनाचे चार झाले म्हणून रात्रपाळीच्या मावशींना बोल लावू नका. इतक्या लहान केंद्रात तो योगायोग असू शकतो, सहा महिन्यांचा आलेख बघा.

नोंदणीच्या वेळी आजी-आजोबांची किंवा त्यांच्या वतीने निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांची लेखी संमती लागते. तिचा मराठी नमुना आम्ही सोबत देतो.