बिजागरी

बिजागरी : दोन भाग असे जोडणारे साधन, की एक भाग जागचा हलत नाही आणि दुसरा ठरलेल्या अक्षाभोवती फिरतो. दारे, खिडक्या, कपाटे, पेट्या, चष्म्याच्या काड्या अशा असंख्य ठिकाणी ती असते. दार कोणत्या रेषेभोवती फिरणार हे बिजागरी ठरवते, आणि तिचे बहुतेक प्रकार या रेषेची जागा बदलण्यातून निघाले आहेत.

धातूच्या बिजागऱ्या सर्रास मिळू लागण्याआधी दाराच्या फळीलाच वर-खाली खुंट्या ठेवत. खालची खुंटी उंबऱ्यातल्या किंवा दगडातल्या खळग्यात आणि वरची चौकटीच्या भोकात फिरे. जुन्या वाड्यांची जड दारे अशीच असत. इराकमधील बालावत येथे 1878 मध्ये सापडलेल्या असीरियन दरवाजांची (इ. स. पू. नववे शतक) रचनाही याच जातीची होती. लाकूड कुजून गेले. ब्राँझचे पट्टे मात्र उरले. या पद्धतीत सगळा भार खालच्या खुंटीवर उभा राहतो आणि वरची खुंटी दाराला फक्त सरळ धरते. म्हणूनच मणामणाचे दारही लहान मूल ढकलू शकते.

आजची नेहमीची बिजागरी म्हणजे दोन पाती, पात्यांच्या कडा वळवून केलेल्या नळ्या आणि त्यांतून जाणारी खीळ. पाच नळ्या असल्या तर तीन एका पात्याच्या व दोन दुसऱ्याच्या. अक्ष दाराच्या कडेबाहेर आल्यामुळे दार सपाट भिंतीपर्यंत उघडते. पण वजन आता बाजूने लटकते. समजा, दार 30 किलोचे व 90 सेंटीमीटर रुंद आहे आणि वरच्या-खालच्या बिजागऱ्यांत 150 सेंटीमीटर अंतर आहे. दाराचे वजन अक्षापासून 45 सेंटीमीटरवर एकवटल्यासारखे काम करते, म्हणून वरची बिजागरी सुमारे 9 किलोच्या ओढीने चौकटीतून बाहेर खेचली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. दार कलते तेव्हा स्क्रू आधी वरचेच का सैल होतात, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. मधली, तिसरी बिजागरी दाराने बाक धरू नये म्हणून असते. तिन्हींच्या खिळी एका ओळंब्यात हव्यात. एक जरी बाहेर गेली तरी दार कुरकुरते, आणि मग तेल कितीही सोडा. (खोबरेल तर सोडूच नये, ते थंडीत थिजते.) पावसाळ्यात दार घासू लागले की दोष बिजागरीला देतात, पण बहुधा लाकूड फुगलेले असते.

बसवताना सुतार पटाशीने पात्याच्या जाडीएवढी खाच घेतो. खाच खोल झाली तर पात्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालतात. हे काम हलके मानू नये. अर्ध्या मिलिमीटरची चूक दाराच्या दुसऱ्या कडेला कितीतरी पट होऊन दिसते. बाहेर उघडणाऱ्या दाराची खीळ रस्त्याच्या बाजूला येते, म्हणून तेथे ती निघू न शकणारी हवी. कोकणच्या खाऱ्या हवेत पितळ किंवा स्टेनलेस स्टील परवडते. साधे लोखंड गंजून खीळ नळीत जाम होते.

स्वयंपाकघरातल्या कपाटांची बिजागरी वेगळीच. तिची वाटी शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या, मागे 35 मिलिमीटर व्यासाच्या भोकात बसते आणि आतल्या जोडदांड्या शटर फिरवता फिरवता पुढेही ढकलतात; म्हणजे येथे अक्ष स्थिर नसून सरकता असतो. त्यामुळेच शेजारशेजारची शटरे एकमेकांना न घासता उघडतात. शटर कपाटाच्या बाजूची पूर्ण कड झाकणार, अर्धी झाकणार की आत बसणार, यावरून दुकानात अनुक्रमे ‘झिरो क्रँक’, ‘आठ क्रँक’, ‘सोळा क्रँक’ अशी मागणी करतात. माप न सांगता आणलेल्या बिजागऱ्या हमखास परत कराव्या लागतात.

खीळ नसलेली बिजागरीही असते. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला जोडणारी पातळ पट्टी हजारो वेळा वाकूनही तुटत नाही. तिसऱ्या नावाच्या खाण्याच्या शिंपल्यांच्या दोन शिंपांना जोडणारा लवचिक बंध त्यांना सतत उघडू पाहतो आणि आतले स्नायू त्या मिटून धरतात. कढईत वाफ लागली की स्नायू सुटतात आणि शिंपा आपोआप उघडतात.